थंड कोपऱ्यातला नमुना

माझं काम काय, असं अमरावतीत कुणी विचारलं की उत्तर माझ्याआधी आई द्यायची. "अणूच्या कारखान्यात हाय. पानी पायते." विचारणाऱ्याला वाटायचं, पोरगी परदेशात जाऊन नळयोजनेवर लागली. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं की आई डोळे वटारून गप्प करायची. लोकांना एवढं पुरे, असं तिचं मत. आणि तसं पाहिलं तर तिचं उत्तर चुकीचं नव्हतं.

मी पाणीच पाहते. वीजकेंद्रात वापरून झालेलं अणुइंधन बाहेर काढतात तेव्हा ते विझलेलं नसतं. चुलीतून लाकूड ओढून बाजूला ठेवलं तरी ते आत धगधगत राहतं, तशातली गत. त्या इंधनाच्या जुड्या एका खोल टाक्यात, पाण्याखाली, पोलादी खणांत उभ्या करून ठेवतात, वर्षानुवर्षं. पूर्वी लांब लांब ठेवायचे. पुढे जागा पुरेना म्हणून जवळ जवळ ठेवायची वेळ आली, आणि तिथं भानगड सुरू झाली. एका जुडीतून निघालेले न्यूट्रॉन शेजारच्या जुडीत शिरतात. पुरेसे शिरले तर जे विझत चाललंय ते पुन्हा पेटू शकतं. म्हणून दोन जुड्यांच्या मधे एक पातळ पत्रा घालतात. त्यात बोरॉन असतं, आणि बोरॉन न्यूट्रॉन गिळतं. इकडून आलेलाही गिळतं, तिकडून आलेलाही. पत्र्यावर पोलादाचं आवरण असल्यामुळे तो बाहेरून दिसत नाही.

माझं काम त्या पत्र्याचं. तो किती झिजला, हे मी सांगायचं. आता खणातला पत्रा काही उपसून काढता येत नाही. मग पहिल्याच दिवशी त्याच पत्र्याचे छोटे तुकडे कापून, तसंच आवरण घालून, एका दांडीला अडकवून त्याच पाण्यात सोडतात. ठरावीक वर्षांनी एक तुकडा वर काढायचा, वाळवायचा, वजन करायचं, जाडी मोजायची, त्याच्यातून किती न्यूट्रॉन पार जातात ते पाहायचं. तुकडा चांगला तर पत्रा चांगला. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

आमचं घर अमरावतीत आणि संत्र्याची बाग मोर्शीच्या वाटेवर. बाबा आणि माझा मोठा भाऊ, दोघं मिळून बाग पाहायचे आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. हे काही लपलेलं नव्हतं. एका साली बहार झाडावर असताना बाबांनी एका व्यापाऱ्याला बागेतली संत्री द्यायचा शब्द दिला आणि दादानं त्या व्यापाऱ्याला चार माणसांत परत पाठवलं. त्या दिवसापासून अबोला. आमच्याकडे अबोला धरला म्हणून कुणी घर सोडत नाही, की चूल वेगळी करत नाही. एकाच घरात राहायचं, एकाच पातेल्यातली भाजी खायची, आणि बोलायचं ते मधल्या माणसाच्या तोंडून. आमच्या घरात मधलं माणूस आई. "त्याले सांग", "त्याईले इचार" असं दिवसभर चालायचं, दोघं एका खोलीत बसलेले असले तरी. वहिनी मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर राहायची आणि या भानगडीत पडायची नाही. तिला मी दोष देत नाही.

नातेवाइकांना याची गंमत वाटायची. लग्नाकार्यात आमच्या घराची नक्कल व्हायची आणि मीही हसायचे. सहा-सात वर्षं हसले.

आईची धाकटी बहीण अकोल्याला राहते. काका गेल्यापासून ती एकटी आहे. तिला सोबत म्हणून आई दर रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि संध्याकाळी परत यायची. मी फोन करायचे तोही रविवारीच. ते आईनंच ठरवून दिलं होतं. "रविवारीच करत जाय. घरी कामात बोलनं होत नाई." फोनवर दिसायची ती मावशीच्या मागच्या अंगणात, खाटेवर पाय लांब सोडून बसलेली. केस मोकळे, हातात कोथिंबिरीची सांबारवडी, आणि मावशी मधेच तोंड घालून काहीतरी फाजील बोलायची, की दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. मी फोन ठेवायचे आणि निर्धास्त कामाला लागायचे. आई ठणठणीत आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

अशात एका वर्षी आमच्या टाक्यातल्या पाण्यात सिलिका वाढू लागली. बोरॉन ज्या रबरासारख्या पदार्थात कालवलेलं असतं, तो पदार्थ किरण खाऊन खाऊन आधी आखडतो, मग कडक होतो, मग त्याचा भुगा होऊन पाण्यात जाऊ लागतो. सिलिका म्हणजे त्याचीच राख म्हणा. पाणी सांगत होतं की पत्रे झिजताहेत. आणि मी दांडीवरचा तुकडा काढून पाहिला, तर तो अगदी छान. वजन बरोबर, जाडी बरोबर, वाकवला तर वाकत होता. बैठकीत काहींचं म्हणणं पडलं की पाणी मोजण्यातच चूक असेल. मी भांडले. भांडायला मला फार कारण लागत नाही. पण निर्दोष तुकडा माझ्याच हातात होता, त्याला खोटं कसं म्हणायचं ते मला सुचत नव्हतं.

मग एकदा टाक्याच्या कठड्याशी नुसती उभी राहिले असताना माझं लक्ष त्या दांडीकडे गेलं. ती कोपऱ्यात टांगलेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. जुड्यांची मांडामांड करणाऱ्या क्रेनच्या वाटेत येत नाही, काढायला-घालायला सोपी, म्हणून कुणीतरी कधीतरी ती तिथं सरकवली होती. पण त्या कोपऱ्यात जुन्यापुराण्या, गार झालेल्या जुड्या होत्या. नव्यानं काढलेल्या, धगधगत्या जुड्या होत्या पार दुसऱ्या टोकाला, आणि खरे पत्रे तिथं उभे होते. तुकडा आणि पत्रा एकाच ताग्यातले, एकाच पाण्यातले. तुकड्यानं मात्र सगळी वर्षं सावलीत काढली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो असा.

त्यानंतर खणांमध्ये उपकरण सोडून पत्रे जागच्या जागी तपासले. कित्येकांत फटी पडल्या होत्या, काही तर खालच्या अंगाला जवळजवळ नव्हतेच. घडलं काही नाही, हे स्पष्ट सांगते, कारण लोक लगेच धसका घेतात. सुरक्षेसाठी राखलेला ऐसपैस वाव आकसला होता, संपलेला नव्हता. आम्ही गरम जुड्या एकमेकींपासून लांब नेल्या आणि त्यांच्या मधले खण रिकामे ठेवले. पत्र्यांचं काही केलं नाही. झिजलेला पत्रा बरा होत नसतो. त्याच्यावरचा भार काढून घ्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

ते काम उरकलं त्या आठवड्यात मी बुधवारी घरी फोन लावला. का लावला, ते मला पक्कं ठाऊक आहे. आईला मी फक्त अकोल्याच्या अंगणात पाहते, असा विचार कामावरून येताना मनात आला. मी स्वतःलाच हसलेसुद्धा. म्हटलं, आई म्हणजे काय दांडीवरचा तुकडा आहे? पण हसू टिकलं नाही.

आईनं फोन उचलला, "थांब व बाई, एक मिनिट," म्हणाली आणि तो तसाच ओट्यावर ठेवला. बाबांचा आवाज पुढच्या खोलीतून आला, "त्याले म्हन, बागेत पाय ठेवू नको. अन् माह्यं तोंड पाहू नको." आईची पावलं वाजली. जिन्याखालून तिचा आवाज आला आणि तो गोड होता. "अरे, बाबा म्हनून राहिले, ऊन लय हाय. तू आज आराम कर, बागेचं ते पायतात." वरून दादा ओरडला, "त्याईले सांग, माह्यी फिकीर करू नका. मी मेलो तरी चालते तुमाले." पुन्हा पावलं. "तो म्हनते, बरं. पन तुमी बी उन्हाचे जाऊ नका."

हसण्यासारखं काय होतं यात इतकी वर्षं? दोन्हीकडचं विष ती एकटी पिऊन टाकत होती आणि दोघांच्या हातात सरबताचा पेला ठेवत होती.

"हं, बोल. काहून व, आज काय रविवार हाय?" आईचा आवाज कोरडा होता. मी चेहरा दाखव म्हटलं. तिनं दाखवला. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. परवाच्या रविवारी हसत होती ती हीच बाई, हे मला खरं वाटेना. मी तिकीट काढलं.

घरी पोचले त्यानंतरचे काही दिवस मी फक्त पाहत होते. आई जेवायला बसत नव्हती. ओट्याशी उभी राहून दोन घास खायची, मधेच हाक यायची, घास तसाच राहायचा. एकदा हातातून कप पडून फुटला तर ती तिथंच फरशीवर बसून लहान पोरीसारखी रडली. आमच्या घरात कपबशा काही कमी फुटलेल्या नाहीत, ती कधी रडली नव्हती. मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, डाव्या हाताची पकड दोनदा पाहिली आणि विचारलं, "घरात काही ताण आहे का?" आई म्हणाली, "नाई जी. घरी सगळं चांगलं हाय." डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की मेंदूला एक लहानसा झटका येऊन गेला असावा, आणि पुढचा लहान असेल याची खात्री ते देणार नाहीत.

तिला दाखल केलं. संध्याकाळी बाबा आणि दादा दोघंही आले. खाटेच्या एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला तो. आईला सलाइन लागलेलं, डोळे मिटलेले. बाबा म्हणाले, "त्याले सांग, गाडी काढून ठेव, मले निघनं हाय." आणि आईनं उशीवरून मान उचलली, दादाकडे वळवली आणि म्हणायला लागली, "बेटा, बाबा म्हनून राहिले..."

माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, नर्सनं येऊन दटावलं एवढं आठवतं. त्याच रात्री मी ठरवलं की इथून सुटली की आई सरळ अकोल्याला जाईल.

तिनं ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "अशी कशी जाऊ व? मी गेली तं हे दोघं एकमेकाले खाऊन टाकतीन."

"खाऊ दे."

"तुले काय होते बोलाले. बाप हाय तुह्या. अन् तो भाऊ हाय." तिला खरंच भीती वाटत होती. आपल्या जिवाची नव्हे. ती मधून निघाली की घर उभं राहील की नाही, याची. ती भीती मला कामामुळे चांगली कळत होती, म्हणून राग आला तरी मी तिला खोटी म्हणू शकले नाही. मी एवढंच म्हटलं, की मी आहे तिथं, मी थांबते, तू जा. मावशी येऊन तिला घेऊन गेली. आई गाडीत बसेपर्यंत मला सांगत होती, बाबांना कोणत्या वेळी काय बोलू नये आणि दादाला कोणता शब्द लागतो.

पहिल्याच संध्याकाळी बाबा पुढच्या खोलीतून म्हणाले, "त्याले सांग, मोटर बंद कर." दादा समोरच्या खुर्चीवर मोबाइल पाहत बसला होता.

"तुमीच सांगा," मी म्हटलं.

बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. दादा उठला नाही. वर टाकी भरली, वाहू लागली, पाणी गच्चीवरून अंगणात पडायला लागलं. तिघंही ते पाहत बसलो. वहिनी जिन्यात येऊन उभी राहिली, मी तिला खुणेनं थांबवलं. अमरावतीत उन्हाळ्यात पाणी असं सांडताना पाहणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. शेवटी बाबांना राहवलं नाही. "कान फुटले का रे तुह्ये?" ते थेट दादाकडे पाहून ओरडले.

मग जे तुंबलं होतं ते सगळं बाहेर आलं. व्यापाऱ्याचं निघालं, चार माणसांतल्या अपमानाचं निघालं, आणि मग झाडांचं. दोन वर्षांपूर्वी दादानं बागेतल्या जुन्या ओळी जेसीबी लावून उपटल्या होत्या. मला ते ऐकून माहीत होतं. बाबा उठून उभे राहिले. "मी जीव देईन म्हनलो होतो झाडाले हात लावला तं. तरी तू लावला."

दादा म्हणाला, "कवा म्हनले?"

"तिच्या हातून निरोप धाडला होता."

"मले तं असं सांगतलं आईनं, का झाडं डिंक्या रोगानं मेलीच हायत, बाबा म्हनतात तुह्या मनानं कर." दादाचा आवाज एकदम खाली आला. "तुमी हो म्हनले म्हून उपटले मी. नाई तं काय हिंमत होती माह्यी?"

बाबा खाली बसले. बाहेर पाणी पडतच होतं. मी जाऊन मोटर बंद केली. परत आले तेव्हा दोघं बोलत होते, हळू आवाजात, एकमेकांना एकेक निरोप विचारून ताडून पाहत होते. हे तू म्हनला होता का? नाई. हे तुमी? नाई. मला वाटलं, आता यांना कळेल. त्या बाईनं काय गिळलं, किती गिळलं, ते आता दोघांच्या ध्यानात येईल. मी दारात उभी राहून वाट पाहत होते.

बाबा म्हणाले, "तिनंच घर फोडलं."

आणि दादानं मान हलवली. "खोटं बोलली ती आपल्यासंगं. सुरुवातीपासून." इतक्या वर्षांत बापलेकांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मी दोघांना तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहिनीला जेवायला वाढायला सांगितलं. जेवले दोघं शेजारी बसून.

सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला गेले. बडनेरा सुटल्यापासून मी काय सांगायचं ते जुळवत होते. डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. आई मागच्या अंगणात खाटेवर बसली होती, आणि मला पाहून तिनं कशी आहेस, जेवलीस का, असलं काही विचारलं नाही.

"बोलले?"

"बोलले."

"एकमेकासंगं? तोंडानं?"

"हो."

"काय म्हनले?"

"बाबा म्हणाले, तिला आता आराम करू दे. खूप केलं तिनं. दादाही तेच म्हणाला."

आईनं हातानं मला थांबवलं. "हे तुह्यं हाय. त्याईचं नाई," ती म्हणाली. "तुह्या बापाच्या तोंडात आराम हा शबूद आजवर आला नाई. खरं सांग. असं गोड करून मी लय सांगतलं, मले कळते ते."

मग मी खरं सांगितलं. टाकी, झाडं, निरोप, आणि शेवटचं वाक्यसुद्धा. मावशी दारात येऊन उभी राहिली होती, ती "अवमाय" म्हणून खाली बसली. मी आईचा चेहरा निरखत होते, तिला काही होतंय का म्हणून.

"दोघंबी म्हनले?"

"दोघंही."

"एकाच वक्ती? अन् त्याच्यावरून भांडले नाईत?"

"नाही भांडले."

आईनं मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर राग यावा, असं मला इतकं वाटत होतं. एकदा तरी यावा. "मंग झाली माह्यी सुट्टी," ती म्हणाली आणि खाटेवर आडवी झाली.

मला रडू फुटलं, संतापानं. "आई, ते तुला खोटारडी म्हणाले. घर फोडलं म्हणाले तू."

"म्हनू दे व," ती डोळे मिटून म्हणाली. "एकमेकाले तं नाई म्हनले." आणि भिंतीकडे तोंड करून ती झोपली.